पेन्स्टेमॉन मुंबईत का कुजतं, आणि तरीही फुलवायचं असेल तर

गणपती गेले की बाल्कनीत बाग करणाऱ्यांच्या ग्रुपवर बियाण्यांच्या पाकिटांचे फोटो फिरू लागतात. पिटुनिया, डायँथस, फ्लॉक्स ही नेहमीची मंडळी असतातच. त्यांच्यात मधूनच एक अनोळखी पाकीट दिसतं: उंच दांड्यावर ओळीने लागलेली नळीच्या आकाराची लाल, जांभळी, गुलाबी फुलं आणि नाव पेन्स्टेमॉन. नावाखाली तीन गोष्टी छापलेल्या असतात. बहुवर्षायू, काटक, कमी पाण्यावर जगणारं. एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलं बघा. मग कोणीतरी विचारतं, "मी लावलं होतं, जुलैत काळं पडून गेलं. काय चुकलं?"

बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. पाकिटावरच्या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, फक्त त्या ज्या हवेसाठी खऱ्या आहेत ती हवा मुंबईची नाही.

हे झाड मूळचं कुठलं

पेन्स्टेमॉनच्या सुमारे २८० प्रजाती आहेत आणि सगळ्या उत्तर अमेरिका खंडातल्या. कॅनडापासून खाली ग्वाटेमालापर्यंत ती सापडतात, पण त्यांची खरी गर्दी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरांत आणि पठारांवर. तिथे खडकाळ, मुरमाड जमीन असते, हिवाळ्यात बर्फ पडतो आणि उन्हाळ्यात दिवस कडक तापला तरी रात्री गार होतात. यातल्या बऱ्याच भागांत वर्षभरात २५०-३०० मिलिमीटर पाऊस होतो. मुंबईत एवढा पाऊस जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशीच पडून जातो. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला.

फूल नीट पाहिलं तर आत पाच पुंकेसर दिसतात. चारांवर पराग असतात, पाचवा वांझ असतो आणि बऱ्याच प्रजातींत त्यावर लव असते. निळ्या-जांभळ्या फुलांकडे मुख्यतः मधमाश्या येतात. लांब लाल नळ्यांकडे हमिंगबर्ड, जो पक्षी फक्त अमेरिका खंडांत आहे.

आणि एक गंमत. हे झाड पूर्वी वेगळ्या कुळात गणलं जायचं. डीएनएच्या अभ्यासानंतर त्याची बदली इसबगोलाच्या कुळात झाली. पाणथळ जागी पसरणारी ब्राह्मी, म्हणजे नीरब्राह्मी, हीसुद्धा त्याच कुळातली. त्यामुळे घरात औषधांच्या डब्यात पेन्स्टेमॉनचा एखादा नातेवाईक बहुधा आधीच असेल. या नातलगांकडे शेवटी पुन्हा वळू, कारण मुंबईकरांच्या कामाचे तेच जास्त आहेत.

'काटक' म्हणजे किती आणि कशाला

पाकिटावर 'झोन ३ ते ८' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे अमेरिकेच्या कृषी खात्याने आखलेले थंडीचे पट्टे. वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री पारा सरासरी किती खाली जातो, एवढ्यावरच ते ठरतात. तिसऱ्या पट्ट्यात तो उणे ३४ ते उणे ४० अंशांपर्यंत जातो. पेन्स्टेमॉन डिजिटॅलिस नावाची प्रजाती तेवढं सोसते, म्हणून ती काटक.

मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे थंडीने मरायची वेळ इथे कुठल्याही पेन्स्टेमॉनवर येणार नाही. पण उकाडा, दमट हवा आणि चार महिने न थांबणारा पाऊस सोसण्याची क्षमता हा पट्टा मोजतच नाही. पुढे १९९७ मध्ये अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने उष्णतेचाही नकाशा काढला. वर्षातले किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो, हे त्यात पाहतात. मुंबईत वर्षाचे बहुतेक दिवस त्यात बसतात. दुर्दैवाने पाकिटावर हा दुसरा आकडा क्वचितच असतो.

पाणी जास्त झालं म्हणजे नेमकं काय होतं

'पाण्याचा निचरा हवा' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन मुळं घेतात. पाऊस पडला की त्या फटींत पाणी शिरतं. सकाळी विरारहून निघालेली फास्ट लोकल डोळ्यांसमोर आणा: डबा आधीच्या स्टेशनांवरच गच्च भरला असेल तर बोरिवलीच्या माणसाला फलाटावरच उभं राहावं लागतं. इथे डबा म्हणजे मातीतली फट, चढलेली गर्दी म्हणजे पाणी आणि फलाटावर ताटकळणारी हवा. पाणी उतरल्याशिवाय हवेला जागा नाही.

पाण्यातही ऑक्सिजन विरघळलेला असतो, पण हवेच्या तुलनेत तो पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. शिवाय पाणी जितकं गरम तितका तो कमी. ५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम मावतो, २८ अंशांच्या पाण्यात आठच्याही खाली. मुळांची गरज मात्र उलट वाढते: तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून लंडनच्या पावसात भिजलेली कुंडी आणि दादरच्या पावसात भिजलेली कुंडी सारखी नसते. तिथे मुळं गारव्यात अर्धवट झोपलेली असतात. इथे ती पूर्ण जागी असतात आणि गुदमरतात.

गुदमरलेल्या मुळांवर मग फायटॉफ्थोरा आणि पिथियम हल्ला करतात. हे बुरशीसारखे दिसणारे सूक्ष्मजीव. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. मुळं तपकिरी होऊन साल सुटते. वर पानं माना टाकतात. माती ओली असूनही झाड सुकलेलं दिसतं, आणि आपण काय करतो? आणखी पाणी घालतो.

पण हे तर दुष्काळ सोसणारं झाड आहे ना?

दुष्काळ सोसतं ते जमिनीत मुळं खोल गेलेलं, एक-दोन वर्षांचं झाड. दहा इंची कुंडीतल्या रोपाला खोल जायला वावच नसतो. त्यामुळे 'कमी पाण्यावर जगतं' म्हणून आठवडाभर विसरलं तर तेही मरतं. कुंडीतल्या पेन्स्टेमॉनला पाणी लागतंच. फक्त ते आलं तसं निघून जायला हवं. वरचा एक इंच थर कोरडा लागला की कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यायचं आणि बशीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. (खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर ही बशी मुळांपेक्षा शेजारधर्मासाठी महत्त्वाची.)

बी उगवलंच नाही, ते का?

पुष्कळांची गाडी इथेच अडते. थंड प्रदेशातल्या प्रजातींचं बी शरद ऋतूत जमिनीवर पडतं. ते लगेच उगवलं तर कोवळं रोप पहिल्याच बर्फात संपेल. म्हणून बियांमध्ये एक कुलूप असतं, ते बरेच आठवडे ओल्या थंडीत काढल्यावरच उघडतं. आपण हे फ्रीजमध्ये करू शकतो: ओलसर वाळूत बी मिसळून, झिपच्या पिशवीत, साधारण ४ अंशांना, आठ ते बारा आठवडे. यात 'ओलसर' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. कोरडं पाकीट फ्रीजच्या दारात महिनाभर ठेवलं तर बी छान टिकतं, पण कुलूप जागच्या जागी. आणि फ्रीजरमध्ये तर ठेवूच नका.

समजा हे सगळं करून रोप आलं. तरी पुढे आणखी एक अडचण आहे. यातल्या कित्येक प्रजाती पहिल्या वर्षी नुसती पानं काढतात आणि एक हिवाळा सोसल्यावरच फुलतात. झाडाने थंडी अनुभवून मग फुलाकडे वळणं हे आपल्या शेतकऱ्यांना नवं नाही. रब्बीच्या कांद्याला थंडी जास्त लागली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, ते याच कारणाने. कांद्याला डेंगळे आले की नुकसान. पेन्स्टेमॉनला तोच दांडा हवा असतो. पण मुंबईचा जानेवारी त्याला हिवाळा वाटतच नाही. १६-१७ अंशांची पहाट आपल्याला स्वेटर काढायला लावते, त्याला नाही.

डिजिटॅलिसची 'हस्कर रेड' ही लालसर पानांची जात अमेरिकेत १९९६ ची 'वर्षातली बहुवर्षायू वनस्पती' ठरली होती आणि तिचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. ती त्यातल्या त्यात ओलही सोसते. तरी मुंबईत ती घेऊ नये असंच मी म्हणेन. हाताशी पानंच राहतील.

मग इथे कोणतं चालण्यासारखं आहे?

पेन्स्टेमॉनचं दुसरं एक घराणं आहे. मेक्सिकोच्या उंच डोंगरांतली हार्टवेगी ही प्रजाती आणि तिच्यापासून युरोपात एकोणिसाव्या शतकापासून तयार होत आलेले संकर. यांची फुलं मोठी, तोंडाशी रुंद, बहुतेकदा आत पांढरा घसा. अमेरिकेच्या दृष्टीने हे 'कमी काटक', कारण कडक बर्फात मरतात. आपल्या दृष्टीने हेच बरे: त्यांना बियांसाठी थंडीची अट सहसा नसते, आणि काही जाती पेरल्यापासून त्याच हंगामात फुलतात. 'अरेबेस्क' ही अशीच एक मालिका. तिच्यातली 'अरेबेस्क रेड' २०१४ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जाती लावून पारखणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची विजेती होती.

पाकीट निवडताना म्हणून दोनच गोष्टी शोधा: हार्टवेगी किंवा संकर असा उल्लेख, आणि 'पहिल्याच वर्षी फुलणारं' हे शब्द. नुसतं 'पेन्स्टेमॉन मिक्स' असेल तर आत काय आहे ते देव जाणे. परदेशातल्या दुकानातून टपालाने मागवण्याचा मोहही टाळा. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ती कटकट वाटते, पण बियांबरोबर रोग येऊ नयेत म्हणूनच ती आहे.

हंगाम गाठायचा तर दिवाळीची वाट पाहू नका

मुंबईत त्याला बहुवर्षायू समजायचंच नाही. पिटुनियासारखं हंगामी समजायचं. एवढं मान्य केलं की निम्मी चिंता मिटते.

पण पिटुनियाच्या वेळापत्रकावर हे चालत नाही. पेरणीपासून फुलापर्यंत त्याला साधारण चार ते पाच महिने लागतात. सगळ्यांसारखं नोव्हेंबरात पेरलं तर कळ्या येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो आणि त्या उन्हात त्या करपतात. म्हणून पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तेव्हा बाहेर पाऊस आणि ऑक्टोबर हीट दोन्हींची धामधूम असते, तर उगवण १८ ते २१ अंशांना चांगली होते. ज्या खोलीत रात्री एसी चालतो तिथे ट्रे ठेवणं हा सोपा उपाय. बी बारीक असतं. ते ओलसर मिश्रणावर भुरभुरवून हलकेच दाबा, वर मातीचा जाड थर नको, त्याला उजेड लागतो. साधारण दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. दिसले की त्याच दिवशी उजेडाच्या खिडकीत हलवा, नाहीतर रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि आडवी होतात. आणि ट्रेवर जाळी टाका. कबुतरांना पेन्स्टेमॉन आणि पालक यांत फरक कळत नाही.

चार-सहा पानं आली की छोट्या कुंडीत, नोव्हेंबरच्या मध्याला मोठ्या कुंडीत. शेंडा एकदा खुडला तर फुटवे जास्त येतात, फूल मात्र थोडं लांबतं. माझ्या मते आपल्या आखूड हिवाळ्यात न खुडणंच बरं. सगळं जमलं तर राणीच्या बागेतलं फुलांचं प्रदर्शन भरतं त्या सुमारास, म्हणजे जानेवारीअखेर-फेब्रुवारीत, दांडे वर येतात. दांडा संपत आला की खालच्या पानांच्या जोडीवर कापा. बगलेतून दुसरा येतो.

कोणती खिडकी?

याचं उत्तर फ्लॅटच्या दिशेवर आहे. मुंबई १९ अक्षांशावर आहे. मे ते जुलै दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन फारसं येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच चढतो आणि दक्षिणेच्या ग्रिलमधून आत येतो. आपल्या हंगामाला नेमकं हेच हवं. दक्षिण किंवा पूर्व-दक्षिण बाल्कनी असेल आणि समोर टॉवर उभा नसेल तर पाच-सहा तासांचं ऊन सहज मिळतं. पश्चिमेचं ऊन फेब्रुवारीपासून फार तापवतं. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊनच नाही. तिथे हा प्रयोग करू नका.

तळाला खडी घालायची की नाही?

नाही. आणि यावर वाद होईल, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात कोणीतरी कुंडीच्या तळाला खडी किंवा खापरं घालायला शिकवलेलं असतं. समज असा की पाणी खडीत उतरेल आणि माती कोरडी राहील. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजासहजी उतरत नाही. बारीक फटी त्याला धरून ठेवतात. वरची माती पार तुडुंब झाली की मगच ते खाली सुटतं. म्हणजे ओला थर तोच राहतो, फक्त खडीच्या उंचीएवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर माती वाहू नये म्हणून एक खापर किंवा जाळीचा तुकडा पुरे.

खडी वाया मात्र जात नाही. ती मातीत मिसळायची. नर्सरीतली लाल माती एकटीच वापरली तर दोन महिन्यांत तिची वीट होते. कोकोपीट पाणी फार धरून ठेवतं, म्हणून तेही जास्त नको. दोन भाग धुतलेली बारीक खडी किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग लाल माती, एक भाग मुरलेलं पालापाचोळ्याचं खत, असं मिश्रण चालतं. पाणी ओतल्यावर ते वर तळं न करता सरसर खाली गेलं तर जमलं. कुंडी मातीची आणि पसरट नाही, उंच: तळाचा ओला थर दोन्हींत सारख्याच जाडीचा असतो, पण उंच कुंडीत त्याच्या वर मुळांना जागा जास्त उरते.

खत बेताने. शेणखत आणि स्वयंपाकघरातलं कंपोस्ट आपण प्रेमाने ओततो, पण नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत वाढतं, दांडे पडतात आणि मावा येतो. मार्चमध्ये पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसले तर पान उलटून लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आहे का बघा. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा सलग काही दिवस दिला की तो आटोक्यात येतो.

पावसाळ्यात आत ठेवून पुढच्या वर्षी नेता येईल का?

पाऊस टाळता येईल, हवेतली ओल नाही. जून ते सप्टेंबर रात्रीचा पारा २५ च्या आसपास असतो, ढगांमुळे उजेड कमी, पानांवर डाग पडतात. एसीच्या खोलीत गारवा मिळतो पण ऊन नाही. एप्रिलमध्ये न फुललेल्या फांदीचे बोटभर तुकडे खोचून मुळं धरतात, ते एखाद्याने पावसाळाभर जगवले तर त्याचं कौतुकच. बाकीच्यांनी झाड मेमध्ये कंपोस्टमध्ये टाकावं आणि सप्टेंबरात नवं बी पेरावं.

गावाकडे किंवा महाबळेश्वरला लावलं तर?

महाबळेश्वर गार आहे म्हणून मन तिथे धावतं, पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोकणातलं घर असेल तर मुंबईचीच गत. सह्याद्री ओलांडून पर्जन्यछायेत गेलं की चित्र पालटतं. पुण्यात पाऊस मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि पुणे-नाशिककडे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो. तिकडे उंच वाफ्यावर, मुरूम मिसळून, जमिनीतही प्रयोग करण्यासारखा आहे.

एवढा खटाटोप कशाला, सोपं काही नाही का?

आहे, आणि ते त्याच कुळात आहे. नर्सरीत डॉगफ्लॉवर म्हणून मिळणारा अँटिऱ्हिनम हा पेन्स्टेमॉनचा भाऊबंद; तसाच उभा दांडा, हिवाळ्याचा हंगाम, तयार रोपं सहज मिळतात. अँजेलोनिया हा दुसरा, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचा: जांभळी-पांढरी छोटी फुलं, एप्रिलच्या उकाड्यातही चालू राहतात.

माझी पसंती मात्र तिसऱ्याला, रसेलियाला. मेक्सिकोतलाच, गवतासारख्या झुकलेल्या फांद्यांवर लाल बारीक नळ्या. पेन्स्टेमॉनच्या लाल नळ्यांकडे तिथे हमिंगबर्ड येतो, तसे इथे रसेलियावर आपले शिंजीर येतात. फ्रीज नको, एसी नको, बी पेरणंही नको. झुकलेली फांदी ओल्या मातीला टेकली तरी मुळं धरते. ग्रिलच्या कडेला टांगलेल्या कुंडीत लावा, ऊन येईल अशी बाजू बघा आणि पावसाळ्यात तिला आत घ्यायची गरज नाही.